मार्गदर्शनाचे नाते दोघांच्याही उपयोगाचे कसे करावे

व्यावसायिक आयुष्यातील मार्गदर्शनाकडे बहुतेक वेळा दानधर्माच्या नजरेने पाहिले जाते. अनुभवी माणसाने आपला वेळ आणि शहाणपण द्यायचे, नवख्याने ते कृतज्ञतेने घ्यायचे, एवढाच त्याचा अर्थ लावला जातो. या समजुतीमुळे नवखा माणूस आपण कोणाला तरी तसदी देत आहोत या संकोचाने मोजकेच विचारतो. आणि अनुभवी माणूस, सुरुवातीचा उत्साह ओसरून कामाचा रेटा वाढला की, भेटी पुढे ढकलू लागतो, कारण त्या भेटींतून त्याला स्वतःला काय मिळणार हे कधी ठरलेलेच नसते. म्हणून या लेखाचा भर एकाच गोष्टीवर आहे: दोन्ही बाजूंचा लाभ आपोआप होईल असे गृहीत न धरता तो सुरुवातीपासून आखून कसा घ्यावा. सोयीसाठी पुढे सल्ला देणाऱ्या व्यक्तीला मार्गदर्शक आणि घेणाऱ्या व्यक्तीला शिकणारा म्हटले आहे. त्यांच्या वयाचा किंवा हुद्द्याचा क्रम तसाच असेल असे मात्र नाही.

कोणाला काय मिळते

या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासात कॅथी क्रॅम या अमेरिकी संशोधिकेचे नाव प्रथम घ्यावे लागते. एका मोठ्या सार्वजनिक सेवा कंपनीतील अशा १८ नात्यांच्या सविस्तर मुलाखतींवरून त्यांनी १९८३ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. मार्गदर्शनाची त्यांनी दोन अंगे सांगितली. पहिले अंग कारकिर्दीचे: योग्य ठिकाणी नाव सुचवणे, वरिष्ठांच्या नजरेत आणणे, कसोटी पाहणारे काम मिळवून देणे, कामाचे बारकावे शिकवणे, चुकीच्या परिणामांपासून काही प्रमाणात वाचवणे. दुसरे अंग मनाचे: आदर्श म्हणून समोर असणे, स्वीकारणे, ऐकून घेणे, मैत्री. शिकणारा माणूस बहुधा पहिल्या अंगाच्या अपेक्षेने येतो. परंतु टॅमी ॲलन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले तेव्हा असे दिसले की पगार व बढती यांच्याशी मार्गदर्शनाचा संबंध आहे खरा, पण तो माफक आहे. कारकिर्दीविषयीचे समाधान आणि प्रगतीची आशा यांच्याशी असलेला संबंध त्याहून ठळक आहे. मार्गदर्शक मिळाला की बढती ठरलेलीच, या हिशेबाने कोणी हे नाते जोडू पाहत असेल, तर त्याने आपली अपेक्षा आधीच थोडी खाली आणावी.

मार्गदर्शकाच्या लाभाविषयी फार कमी बोलले जाते, म्हणून त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. राजशी घोष आणि थॉमस रिओ यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात, मार्गदर्शन करणारे लोक न करणाऱ्यांपेक्षा आपल्या कामाविषयी अधिक समाधानी आणि संस्थेशी अधिक बांधील असल्याचे आढळले. समाधानी माणसेच मार्गदर्शनाला पुढे येत असतील, ही शक्यता अशा निष्कर्षांत नेहमी उरते. तरीही काही लाभ असे आहेत की त्यांची कारणे सहज दाखवता येतात.

त्यांतला सर्वांत मोठा लाभ म्हणजे स्वतःचे ज्ञान स्वतःला कळणे. अनेक वर्षे एकच काम केलेल्या माणसाचे निर्णय अंगवळणी पडलेले असतात. कराराचा मसुदा वाचताना एखाद्या कलमावर त्याची नजर आपोआप अडते, मुलाखतीत उमेदवाराच्या एखाद्या उत्तराने तो सावध होतो, पण हे का घडते हे त्याला विचारले तर पटकन सांगता येत नाही. शिकणारा जेव्हा ‘तुम्ही इथेच का थांबलात?’ असे विचारतो, तेव्हा त्या सवयीमागचे कारण शब्दांत आणावे लागते. आणि ते शब्दांत आणताना काही सवयींना आजही भक्कम आधार आहे, तर काही सवयींमागची परिस्थिती कधीच बदलून गेली आहे, हे ध्यानात येते. आपल्या कामाची अशी तपासणी एरवी कोणी करून देत नाही. वरिष्ठ पदावरील माणसाला प्रश्न विचारणारे आधीच थोडे असतात, आणि मूलभूत प्रश्न विचारणारे तर जवळजवळ नसतातच.

दुसरा लाभ खालच्या स्तरावरील वास्तवाच्या ओळखीचा. माणूस जसजसा वर चढतो, तसतशी त्याच्याकडे येणारी माहिती गाळून आणि सजवून येऊ लागते. नवी संगणक प्रणाली प्रत्यक्षात कुठे अडते, ग्राहक नेमके कशाने वैतागतात, कोणता नियम सगळे कागदोपत्री पाळतात आणि प्रत्यक्षात टाळतात, हे त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या अहवालांत नसते. शिकणाऱ्याच्या अडचणी ऐकताना ते सहज कळते. इथे एक सीमा मात्र कसोशीने पाळावी लागते: परिस्थितीविषयी जाणून घेणे योग्य, व्यक्तींविषयी विचारपूस करणे अयोग्य. ‘प्रणाली कुठे अडते?’ हा प्रश्न चालतो. ‘तुमच्या विभागात कोण काय बोलते?’ हा प्रश्न विचारला गेला की शिकणाऱ्याचा खबऱ्या होतो, आणि त्यानंतर तो मोकळेपणाने काही बोलेल ही आशा सोडून द्यावी.

माणसे घडवण्याचा सराव, प्रतिक्रिया देण्याचे कौशल्य, इतर विभागांत आणि नव्या पिढीत तयार होणारे परिचय, चांगली माणसे तयार करणारा म्हणून होणारा लौकिक, हे लाभही आहेतच. त्यांचे स्पष्टीकरण करण्याची गरज नाही.

योग्य व्यक्ती निवडणे

सर्वांत उंच पदावरची व्यक्ती शोधण्याचा मोह टाळावा. आपल्यापेक्षा एक-दोन टप्पे पुढे असलेल्या माणसाला आपल्या आजच्या अडचणी अजून आठवत असतात, आणि त्या सोडवण्याचे मार्गही अद्याप जुने झालेले नसतात. सर्वोच्च पदावरील व्यक्ती प्रेरणा देऊ शकेल. पण पहिल्यांदाच चार जणांचे पथक सांभाळताना सोमवारी सकाळी नेमके काय करावे, हे तिला सांगता येईलच असे नाही.

आपला थेट वरिष्ठ हाच मार्गदर्शक असावा का, याबद्दल मतभेद आहेत. माझे मत विचाराल तर शक्यतो नसावा. जो माणूस वर्षाअखेरीस आपल्या कामाचे मूल्यमापन करणार आहे, त्याच्यासमोर ‘मला हे जमत नाही’ असे म्हणण्याची किंमत शिकणाऱ्याला ठाऊक असते, आणि तो ते म्हणत नाही. थेट वरिष्ठाने काम शिकवणे हा त्याच्या जबाबदारीचाच भाग आहे. त्याला वेगळ्या नात्याचे नाव देण्याचे कारण नाही.

एकाच व्यक्तीकडून सगळे मिळावे ही अपेक्षाही अवास्तव असते. मोनिका हिगिन्स आणि कॅथी क्रॅम यांनी २००१ मध्ये अशी मांडणी केली की, एका मार्गदर्शकाऐवजी वेगवेगळ्या क्षेत्रांतील काही व्यक्तींचे मिळून एक जाळे असते आणि माणूस त्यातून घडतो. व्यवहारात याचा अर्थ असा की एकाकडून तांत्रिक बाजू, दुसऱ्याकडून संस्थेतील राजकारणाचे भान, आणि समवयस्क सहकाऱ्याकडून धीर घ्यावा. यात मार्गदर्शकाचाही फायदा आहे, कारण त्याच्यावर सर्वज्ञ असण्याचा भार राहत नाही.

निवड करताना आणखी एक कसोटी लावावी, जी फारसे कोणी लावत नाही: या व्यक्तीला माझ्याशी बोलून काय मिळू शकेल? ती नव्या क्षेत्रात शिरते आहे आणि मी तिथेच काम करतो का? तिला लवकरच तरुणांचे मोठे पथक सांभाळायचे आहे का? ती जे तंत्र शिकू पाहते ते मला येते का? या प्रश्नांचे उत्तर पूर्ण नकारार्थी असेल तरी विचारून पाहायला हरकत नाही. परंतु ते होकारार्थी असेल तर नाते टिकण्याची शक्यता कितीतरी वाढते.

विचारावे कसे

‘आपण माझे मार्गदर्शक व्हाल का?’ हा प्रश्न पहिल्याच पत्रात विचारू नये. त्यात किती वेळ, किती काळ आणि कशासाठी, यांपैकी काहीच कळत नाही, आणि व्यग्र माणूस अशा अमर्याद मागणीला सभ्यपणे नकार देतो. त्याऐवजी एक छोटी, स्पष्ट आणि सहज पूर्ण करता येईल अशी विनंती करावी. उदाहरणार्थ:

‘नमस्कार मॅडम. गेल्या महिन्यातील बैठकीत पुरवठादारांनी मुदतवाढ मागितली असता आपण ती अटींसह मान्य केलीत. मला पुढील महिन्यात प्रथमच अशी बोलणी करायची आहेत. त्या वेळी आपण कोणत्या गोष्टी आधी ठरवून ठेवल्या होत्या, हे समजून घेण्यासाठी मला आपली वीस मिनिटे मिळू शकतील का? माझी तयारी मी आधी लिहून पाठवीन. सध्या शक्य नसल्यास तसे कळवावे, मी समजू शकेन.’

या मजकुरात विनंतीचे कारण आहे, वेळेची मर्यादा आहे, आधी तयारी करण्याची हमी आहे आणि नकाराची वाटही मोकळी ठेवली आहे. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नसतो; नोकरी बदलण्यासाठी शिफारस हवी असेल तर ती सल्ल्याच्या आवरणाखाली मागू नये, सरळ मागावी.

भेट झाल्यानंतरची पायरी पुष्कळ जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. दिलेल्या सल्ल्याचे पुढे काय झाले हे मार्गदर्शकाला कळवावे: कोणता भाग वापरला, कोणता वापरता आला नाही, निकाल काय लागला. आभाराचे औपचारिक पत्र सगळेच पाठवतात. निकालाचे वृत्त मात्र मार्गदर्शकालाही काही शिकवते, कारण आपला सल्ला दुसऱ्याच्या परिस्थितीत कितपत टिकला हे त्याला एरवी कळतच नाही. अशी दोन-तीन वृत्ते गेल्यावर नियमित भेटींची विनंती करणे स्वाभाविक ठरते. कित्येकदा ती समोरूनच येते.

पहिल्या नियमित भेटीत ठरवायच्या गोष्टी

भेटी किती दिवसांनी आणि किती वेळ, हे आधी ठरवावे. महिन्यातून एकदा पाऊण ते एक तास एवढे बहुतेकांना झेपते. भेटीचा विषय शिकणाऱ्याने ठरवावा आणि दोन दिवस आधी कळवावा. ही जबाबदारी मार्गदर्शकावर टाकल्यास हळूहळू प्रत्येक भेट त्याच्या जुन्या आठवणींच्या कथनात संपते. बोललेले कुठवर गोपनीय राहील, विशेषतः थेट वरिष्ठाला काय सांगितले जाणार नाही, हे संदिग्ध ठेवू नये. सहा महिन्यांनंतरची एक तारीख अशी ठरवावी की त्या दिवशी दोघांपैकी कोणीही कारण न देता थांबू शकेल. सुटण्याचा मार्ग सन्मानाचा असेल तर माणसे नात्यात अधिक निर्धास्तपणे शिरतात.

यानंतर येते ती अवघड वाटणारी गोष्ट. मार्गदर्शकाने आपल्याला या भेटींतून काय हवे आहे ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. अनुभवी माणसांना हे बोलणे कमीपणाचे वाटते. ‘मला काही नको, तुमचे भले झाले की पुरे’ असे म्हणण्याची रीतच आहे. पण या उदार वाक्यामुळे शिकणाऱ्याच्या डोक्यावर न फिटणारे ऋण बसते आणि परतफेड कशी करावी हे त्याला उमगत नाही. त्यापेक्षा ‘कठोर प्रतिक्रिया दिली की माझे सहकारी दुखावतात, ती कशी द्यावी हे मला शिकायचे आहे, माझे बोलणे लागले तर लगेच सांगा’ किंवा ‘कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तुम्ही रोजच्या कामात कशी वापरता ते मला दाखवा’ किंवा ‘माझ्या भाषणाचा मसुदा वाचून कुठे कंटाळा आला ते प्रामाणिकपणे सांगा’ असे नेमके मागणे दोघांनाही मोकळे करते.

ज्येष्ठाने कनिष्ठाकडून शिकण्याची ही कल्पना नवी नाही. १९९९ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे तत्कालीन प्रमुख जॅक वेल्च यांनी आपल्या सुमारे ५०० वरिष्ठ अधिकाऱ्यांना, इंटरनेट समजून घेण्यासाठी कंपनीतील तरुण कर्मचाऱ्यांचे शिष्यत्व पत्करायला लावले, आणि स्वतःही एका तरुण सहकाऱ्याकडून धडे घेतले. पुढे अनेक कंपन्यांनी उलट्या दिशेच्या मार्गदर्शनाचे असे उपक्रम राबवले. माझ्या दृष्टीने त्यासाठी स्वतंत्र उपक्रमाची गरज नाही. प्रत्येक भेटीतील शेवटची दहा मिनिटे उलट दिशेने वापरली तरी काम भागते.

भेटी चालवणे

शिकणाऱ्याने भेटीला तक्रार घेऊन जाऊ नये, निर्णय घेऊन जावे. ‘माझा सहकारी सहकार्य करत नाही’ यावर केवळ सहानुभूती मिळते. ‘त्याच्याशी आधी एकट्याने बोलावे की विषय सरळ बैठकीत काढावा, या दोहोंपैकी मी पहिल्याकडे झुकतो आहे आणि माझी कारणे ही आहेत’ असे मांडले की मार्गदर्शकाला त्या कारणांवर बोट ठेवता येते. त्यामुळे उत्तराबरोबरच विचार करण्याची पद्धतही हाती लागते.

मार्गदर्शकाने सल्ला देण्याआधी निदान तीन प्रश्न विचारण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे: आतापर्यंत काय करून पाहिले, काय होईल याची भीती वाटते, आणि अखेर निर्णय कोणाचा आहे. बहुतेक वेळा या तीन प्रश्नांतच शिकणाऱ्याला आपले उत्तर सापडते. यशाच्या कथांपेक्षा फसलेल्या निर्णयांच्या हकिकती अधिक उपयोगी असतात, कारण यशात परिस्थितीचा वाटा किती आणि कर्तृत्वाचा किती हे वेगळे काढणे कठीण असते. भेटीनंतर मार्गदर्शकाने एकच ओळ लिहून ठेवावी: आज कोणत्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार नव्हते? काही महिन्यांनी या ओळी एकत्र वाचल्या की आपल्या ज्ञानातील पोकळ जागा ओळीने समोर येतात.

शिकणाऱ्याने परतफेडीच्या नावाखाली मार्गदर्शकाची फुकटची कामे अंगावर घेऊ नयेत. त्याची सादरीकरणे तयार करणे, त्याच्या अहवालांतील आकडे जुळवणे, त्याचे खासगी निरोप पोहोचवणे ही बिनपगारी चाकरी आहे, आणि एकदा तिची सवय लागली की नकार देणे कठीण होते. महागड्या भेटवस्तूही नकोत. दोन सहकाऱ्यांमध्ये त्या संशय निर्माण करतात. निकालाचे वृत्त, मार्गदर्शकाच्या कामाशी संबंधित नवी माहिती, त्याच्या मसुद्यावरील प्रामाणिक मत, आणि योग्य प्रसंगी चारचौघांत त्याच्या साहाय्याचा उल्लेख, ही परतफेड पुरेशी असते.

कुठे बिघडते

नात्यात बिघाड होतो तेव्हा तो बहुधा हळूहळू होतो. शिकणारा प्रत्येक लहान निर्णयासाठी परवानगी मागू लागतो. किंवा मार्गदर्शक त्याला आपली प्रतिकृती बनवू पाहतो आणि त्याने वेगळी वाट निवडली की दुखावतो. कधी शिकणाऱ्याच्या कल्पनेचे श्रेय मार्गदर्शकाच्या नावावर जमा होते. त्यावर साधा उपाय असा की, लेखी काम असेल तर कोणाचे नाव कुठे जाईल हे सुरू करण्यापूर्वीच ठरवावे. मार्गदर्शकाने अधिकाराचा वापर करून वैयक्तिक जवळीक लादण्याचा प्रयत्न केला, तर तो बिघाड दुरुस्त करत बसण्याचा नसतो. तिथून तत्काळ बाहेर पडून संस्थेतील जबाबदार यंत्रणेकडे जावे.

संस्थेने जोड्या लावून दिलेल्या असतील, तर वाईट जोडीही चांगल्या हेतूने निभावत राहण्याचा आग्रह होतो. तो आग्रह चुकीचा आहे. बेल रोझ रॅगिन्स आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिले की, असमाधानकारक मार्गदर्शन लाभलेल्यांची कामाविषयीची वृत्ती मार्गदर्शकच नसलेल्यांसारखीच होती. नाते औपचारिक की अनौपचारिक, यापेक्षा त्याची गुणवत्ता अधिक निर्णायक ठरली. म्हणून उपक्रम चालवणाऱ्यांनी जोडी बदलण्याची सोय पहिल्या दिवशीच जाहीर करावी, आणि बदल मागणाऱ्याकडून खुलासा मागू नये.

सल्ला आणि पाठराखण यांची गल्लत हीसुद्धा एक नेहमीची अडचण आहे. मार्गदर्शक तुमच्याशी बोलतो. पाठराखण करणारा तुमच्या गैरहजेरीत तुमच्याविषयी बोलतो आणि आपली पत पणाला लावतो. हर्मिनिया इबारा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये निदर्शनास आणले की स्त्रियांना सल्ला भरपूर मिळतो, पण पाठराखण पुरुषांच्या तुलनेत कमी मिळते, आणि त्यामुळे त्या बढतीत मागे राहतात. आपल्याला यांपैकी काय मिळत आहे, हे शिकणाऱ्याने वर्षातून एकदा तरी तपासावे. मार्गदर्शकानेही आपण नुसता सल्ला देऊन समाधान मानत आहोत का, याचा विचार करावा.

नाते संपवणे आणि बदलणे

क्रॅम यांनी या नात्याचे चार टप्पे सांगितले: सुरुवात, बहर, विलग होणे आणि पुनर्रचना. त्यांच्या निरीक्षणानुसार सुरुवातीला सहा महिने ते एक वर्ष लागते आणि बहराचा काळ दोन ते पाच वर्षांचा असतो. विलग होण्याचा टप्पा दोघांनाही अस्वस्थ करणारा असतो, कारण शिकणाऱ्याला आता तेवढी गरज उरलेली नसते आणि मार्गदर्शकाला आपण बाजूला पडल्यासारखे वाटू शकते. हा टप्पा न बोलता जाऊ दिला की भेटी विरळ होतात आणि दोघांच्याही मनात उगाच अपराधी भावना राहते.

त्याऐवजी शेवटची नियमित भेट ठरवूनच घ्यावी. या भेटीत शिकणाऱ्याने आपल्या कोणत्या निर्णयांत मार्गदर्शकाचा हात होता ते नेमकेपणाने सांगावे; मार्गदर्शकाने आपण काय शिकलो आणि आपल्या कामात त्यामुळे काय बदलले ते सांगावे. यापुढे संपर्क कशा प्रकारचा असेल, म्हणजे अडचण आली तरच फोन करायचा की वर्षातून दोनदा भेटायचे, हेही त्याच वेळी ठरवावे. पुनर्रचनेनंतर नाते साधारणपणे बरोबरीचे होते, आणि पूर्वीचा मार्गदर्शक एखाद्या बाबतीत सल्ला मागू लागतो. असा फोन आल्यास जुन्या आदरापोटी केवळ त्याला आवडेल ते उत्तर देऊ नये. त्याची परिस्थिती आधी नीट विचारून घ्यावी, आपले मत कारणांसह मांडावे आणि पुढे काय झाले ते कळवण्याची विनंती करावी.